टेबल हलता कामा नये

२४ ऑगस्ट, रविवार

आजपासून रोजनिशी. उद्योजकाने ठेवावीच. नोकरदाराला गरज नसते, त्याचं काल जे झालं तेच उद्या होणार असतं.

लेझर कटर आला. खोका हॉलमध्ये आहे. व्हीआरएस घेऊन घरी बसल्यापासून सगळे माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती नजर आज बदलली. निदान आरोहीची तरी. पोरगी कॉलेजात आहे, तिला टेक्निकल गोष्टी कळतात. बापावर गेली आहे.

दुपारी जेवायला उज्वलाची धाकटी बहीण स्नेहा आणि तिचे यजमान, म्हणजे माझे साडू महेशराव, नामपूरहून आले होते. महेशरावांचं कांद्याचं खळं आहे. माल येतो, निवडला जातो, भरला जातो. शिवाय तिथल्या एका पतसंस्थेचे चेअरमन. वयाने माझ्याहून बरेच लहान, पण बोलणं वाडवडिलांचं. खोका बघून जागच्या जागी ऑर्डर दिली. दसऱ्याला सभासदांना वाटायला लाकडी आपट्याची पानं, पाचशे, प्रत्येकावर संस्थेचं नाव. वर म्हणाले, नाय जमलं तर खळ्यावर या साडूभाऊ, मला घरचा सुपरवायझर पाह्यजेच हाय.

सगळे हसले. मी हातातला घास ताटात ठेवला आणि सांगितलं, दसऱ्याला पानं हातात पडली नाहीत तर दुसऱ्या दिवशी तुमच्या खळ्यावर हजर होतो. उज्वला वाढताना तशीच थांबली.

बोललो ते उत्तम केलं. माणसाला परतीचा दोर नको.

आता प्रश्न एकच. मशीन ठेवायचं कशावर?

२५ ऑगस्ट, सोमवार

उज्वला म्हणाली, डायनिंग टेबल आहे की. सकाळी शाळेत शिकवायला जायच्या घाईत होती म्हणून तिला समजावत बसलो नाही. ती गेल्यावर टेस्ट घेतली. पेला काठोकाठ भरून टेबलावर ठेवला, आरोहीला शेजारून चालायला लावलं. पाणी हललं. डायनिंग टेबल रिजेक्ट.

सव्वीस वर्षं अंबडच्या कंपनीत क्वालिटीला होतो. लोकांनी केलेला माल मी नापास करायचो. स्वतः कधी काही बनवलं नाही, पण वाईट काय ते ओळखायला बनवावं लागत नाही. लेझरचा किरण केसाहून बारीक. बैठक हलली की रेघ हलली, रेघ हलली की पान गेलं, पान गेलं की ऑर्डर गेली, आणि ऑर्डर गेली की नामपूर.

म्हणून आधी बैठक.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. मंडळाचा ढोल वाजला की आमच्या खिडकीची काच थरथरते. काच थरथरते म्हणजे भिंत थरथरते. शिवाय मागून रेल्वे. इतकी वर्षं नाशिक रोडला राहतोय, पण मालगाडी गेली की फरशी हलते हे आज पेल्यामुळे कळलं. बेडरूममध्येही हलते. बाथरूममध्ये कमी, पण तिथे पाणी.

रेडिमेड टेबलं ऑनलाइन पाहिली. पाय बघूनच कीव आली. ट्रॉली घ्यावी का? चाकं असली तर मशीन खिडकीशी नेता येईल, धूर बाहेर जाईल. पण चाक म्हणजे हालचाल. टेबल की ट्रॉली, हा निर्णय घाईत घेण्यासारखा नाही.

उज्वलाने विचारलं, मशीनचं वजन किती? सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे हार्मोनियमएवढंच की. मी म्हणालो, प्रश्न वजनाचा नाही, स्थैर्याचा आहे. ती म्हणाली, हो ना. तिचा स्वर मला आवडला नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

देवळाली गावात हारुनभाई वेल्डरकडे गेलो. ड्रॉइंग नेलं होतं. दोन इंची चौकोनी पाइप, खाली आडवे, मध्ये तिरपे आधार, वर जाड प्लाय. त्यांनी चष्मा लावून ड्रॉइंग पाहिलं. विचारलं, साहेब, लेथ ठेवणार का वर? मी मशीनचं वजन सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. म्हणाले, अहो इसके लिये तो शाळेचा बाक बी चालंल.

सामान्य माणसाची हीच अडचण. मी व्हायब्रेशनवर बोललो. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, तुमी म्हनाल तसं, टेन्शन नका घेऊ, आपल्याला काय, पाइप तुमचाच हाय. अनंत चतुर्दशीपर्यंत मंडळांची कामं आहेत, नंतर लगेच घेतो म्हणाले.

संकल्प: टेबल पास होईपर्यंत मशीन खोक्यातच. कोणी सील फोडायचं नाही. घरात सगळ्यांना स्पष्ट सांगितलं.

६ सप्टेंबर, शनिवार

हारुनभाईंचा फोन, काम सुरू करू का? मी म्हणालो थांबा, चाकांचं नक्की करतो. द्वारका चौकाजवळच्या दोन दुकानांत ब्रेकवाली चाकं पाहिली. ब्रेक लावूनही चाक किंचित डुलतं. दुकानदार म्हणाला, एवढं तर डुलणारच. मी म्हणालो, तुमच्याकडे डुलत असेल.

चाकं रद्द. टेबलच. निर्णय झाला. मोकळं वाटलं.

संध्याकाळी आईला सांगितलं. आई म्हणाली, आता पितरांचा पंधरवडा लागंल, नवी वस्तू घरात आनायची नाय. मी हे असलं मानत नाही. पण आईचं मन मोडणं माझ्याने होत नाही. पंधरा दिवस गेले असं म्हणायचं कारण नाही, अभ्यासाला मिळाले.

१० सप्टेंबर, बुधवार

महेशरावांचा फोन. एक नमुना धाडा, सभासदांना दावायचा हाय. मी म्हणालो, प्रोसेस चालू आहे. ते म्हणाले, बरं. मग म्हणाले, खळ्यामागची खोली मी रिकामी करून ठेवली हाय, पोती होती, काढली. असंच सांगतो, मनावर घेऊ नका.

मनावर घेतलं नाही. दुपारचं जेवण मात्र गेलं नाही.

उज्वला शाळेतून आल्यावर म्हणाली, खोका उघडा, फरशीवर ठेवा, एक पान कापा. एकच. मला बघू तरी द्या. मी समजावलं की पहिला पीस पुढच्या सगळ्यांची पत ठरवतो. ती म्हणाली, आणि पहिला पीस निघालाच नाही तर? मी आवाज चढवला. तिनेही चढवला. म्हणाली, त्या दिवशी पंगतीत शपथ घेताना मला विचारलं होतं का? तुम्ही नामपूरला गेलात तर इथे आईंना, आरोहीला, घराला एकटी बघणारी मी आहे. मी म्हणालो, मी जाणारच नाही. ती म्हणाली, कशावरून?

उत्तर होतं. पण ती स्वयंपाकघरात गेली होती.

१४ सप्टेंबर, रविवार

हारुनभाईंनी पाइप कापले. माल त्यांच्या दुकानात आहे, म्हणजे घरात नवी वस्तू आलेली नाही. आईलाही हे पटलं. पानांसाठी एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुश्याच्या, शीट घरात आणून ठेवल्या. आई काही बोलायच्या आत सांगितलं, ही वस्तू नाही, कच्चा माल आहे.

कापलेले पाइप पाहिल्यावर लक्षात आलं, उंची तीन इंच कमी पडते. उभं राहून काम करताना कंबर वाकेल. हारुनभाईंना सांगितलं. त्यांनी ग्राइंडर बंद केला, माझ्याकडे पाहिलं, आणि चहा मागवला. चहा संपवला, पेला खाली ठेवला. मग म्हणाले, नये पाइप लगेंगे.

दर्जा म्हटला की हे आलंच.

उज्वला अजून कामापुरतंच बोलते.

१८ सप्टेंबर, गुरुवार

छातीत धडधडतं. बीपी तपासलं, नॉर्मल. डॉक्टरांनी विचारलं, काही काळजी? म्हणालो, छे.

आरोहीने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. केरळकडचा कोणी तरुण असंच मशीन फरशीवर ठेवून भराभर कापतोय. मी तिला दाखवून दिलं, त्याच्या मागून मालगाडी जात नाही. तिला पटलेलं दिसलं, कारण ती लगेच उठून आईकडे गेली.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री

टेबल तयार! लाल रंगाचा पहिला हात झाला. मी वर चढून उभा राहिलो, उडी मारली. ढिम्म. हारुनभाईंना मिठी मारावीशी वाटली. त्यांनाही सुटल्यासारखं वाटलं असावं, कारण रंगाचा दुसरा हात ते नकोच म्हणाले.

उद्या घटस्थापना. उत्तम मुहूर्त. उद्या टेबल, परवा ट्रायल, मग रोज ठरावीक पानं. दसऱ्याच्या दोन दिवस आधी माल नामपूरला. सगळं बसतंय. उज्वलाला कागदावर मांडून दाखवलं. ती म्हणाली, बघू. बऱ्याच दिवसांनी एक शब्द जास्त बोलली.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

सकाळी टेम्पो आला. टेबल जिन्याने वर आणायला चौघे लागले, दोनदा कठडा घासला. शेजारचे बाहेर आले. हॉलच्या मधोमध टेबल ठेवलं. पेला भरून ठेवला. मालगाडीची वाट पाहिली. गाडी आली, गेली. पाणी काचेसारखं.

आईला हाताला धरून आणलं. म्हणालो, आई, भूकंप झाला तरी हे हलणार नाही. आईने टेबलावर तळहात टेकला, दाबला, टेबल हलवून पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी समजलो, मुलाचा अभिमान.

हारुनभाईंना आणि माणसांना चहा पाजायला खाली गेलो. टेम्पो निघाला, पेढे घेतले, वर आलो.

टेबलावर घट बसले होते.

परडीत काळी माती, मातीत सात धान्यं, वर घट, विड्याची पानं, नारळ. शेजारी अखंड दिवा. पंख्याच्या हुकाला पहिली माळ.

उज्वला सकाळची शाळा असल्याने घरात नव्हती. आईने शेजारच्या मैनाबाईंना मदतीला घेऊन सगळं उरकलं होतं. गेल्या वर्षी स्टुलाला मांजराचा धक्का लागून घट कलंडता कलंडता राहिला होता, ते तिने वर्षभर मनाला लावून घेतलं होतं. मला म्हणाली, तू बोलला न्हाईस, पन मला ठावं होतं तू माझ्यासाठीच करतोयस.

एकदा बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. दिवा विझू देत नाहीत. मी असलं मानत नाही. पण जो मानत नाही त्यालाही बसलेला घट उचलायचं धैर्य होत नाही.

पेढे देवीपुढे ठेवले.

२३ सप्टेंबर, मंगळवार

घाबरायचं कारण नाही. टेबल मुद्दाम मोठं केलं होतं. घट एका टोकाला, दुसऱ्या टोकाला मशीनपुरती जागा आहे. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

मशीन काढण्याआधी फक्त धूर ओढणारा पंखा लावून पाहिला. चालू केला आणि दिव्याची ज्योत आडवी झाली. आई किंचाळली. मैनाबाई धावत आल्या. मी पंखा बंद करेपर्यंत ज्योत निळी होऊन वातीला चिकटली होती. मग हळूहळू उभी राहिली. आई दिवसभर दिव्यापाशी बसून आहे. मी दिसलो की पदराने ज्योतीला आडोसा करते.

स्वतःच्या आईला माझी भीती वाटते आहे.

पंख्याशिवाय कापायचं म्हटलं तर घरभर धूर, शेजारी दिवा, मध्ये एमडीएफ. नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

हारुनभाईंना दुसऱ्या टेबलासाठी फोन केला. दांडियाच्या मंडपांची कामं आहेत, दसऱ्यानंतर या म्हणाले.

महेशरावांचा फोन. तीसला गाडी धाडतो, पानं तयार ठेवा. खोलीला चुना मारून घेतला म्हणाले, आणि पलंग टाकला. सभासदांना त्यांनी सांगून टाकलंय, यंदा सोनं लाकडाचं. मी म्हणालो, गाडी पाठवा. आवाज चांगला लागला.

खरं लिहायचं तर भीती वाटते. रोजनिशी कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. सव्वीस वर्षं माणसं माझ्या सहीची वाट बघत उभी राहायची. आता साडूच्या खळ्यावर कांदे मोजायचे, तेही त्याला राव म्हणत. स्नेहा ताटात वाढणार. नको.

२७ सप्टेंबर, शनिवार

मार्ग सापडला! मालेगावला एक जुना यंत्रमाग कारखाना मोडतोय, तिथे लोखंडी ट्रॉली विकायला आहे. फोटो पाहिला. चाकं बिडाची, दणकट. मजबूत ट्रॉली मिळाली की मशीन बेडरूमच्या खिडकीशी, दिव्यापासून लांब. उद्या पहाटे निघतो, रात्रीपर्यंत ट्रॉली घेऊन घरी.

उज्वलाला सांगितलं. वाटलं चिडेल. ती शांतपणे म्हणाली, जा. नीट बघून या. घाई करू नका.

शेवटी कळलं तिला माझ्या कामाचं महत्त्व. बायकोची साथ असली की माणूस काहीही करू शकतो.

२८ सप्टेंबर, रविवार, मालेगाव

धो धो पाऊस. कारखान्याचा मालक लग्नाला गेलाय, उद्या येणार. लॉजवर उतरलो. उज्वलाला फोन केला, म्हणालो परत येऊ का? ती म्हणाली, आलाच आहात तर काम करूनच या. मागे घरघर ऐकू येत होती. मिक्सर लावलाय म्हणाली. बराच वेळ वाटण चाललं होतं.

२९ सप्टेंबर, सोमवार, मालेगाव

ट्रॉली पाहिली. तीन चाकं अप्रतिम. चौथं जमिनीला टेकत नाही. मालक म्हणाला, खाली चिपटी मारा. चिपटी! रिजेक्ट.

पाऊस थांबत नाही. उद्या सकाळच्या गाडीने निघतो. उद्याच महेशरावांची गाडी येणार आहे. तिला काय सांगायचं ते बसमध्ये ठरवीन. उज्वलाचा फोन लागतो पण ती उचलत नाही. आरोहीचाही तेच.

३० सप्टेंबर, मंगळवार

आमच्या जिन्यात शिरलो आणि जळक्या लाकडाचा वास आला.

पहिला विचार दिव्याचा. दुसरा आईचा. कसा वर आलो आठवत नाही. दार उघडं होतं. हॉलमध्ये घट जागेवर, दिवा जागेवर, आई जपमाळ ओढत बसलेली. म्हणाली, आलास व्हय, हातपाय धू.

बेडरूमचं दार बंद. ढकललं. मशीन फरशीवर. खाली चटईसुद्धा नाही. धुराचा पाइप खिडकीतून बाहेर. आरोही केस बांधून पानं घासत होती. उज्वला भिंतीला टेकून पोत्याचं तोंड शिवत होती. पोत्यात पानं. सगळी. रविवारी सकाळी मी निघालो तेव्हा खोका फोडला म्हणाली. सोमवार-मंगळवारची रजा तिने आठवड्याआधीच टाकली होती.

खिशातून व्हर्नियर काढला आणि पोतं उसवलं. पानं काढून मापत बसलो. मालगाडी गेली, फरशी हलली, मशीनने जादाचं एक पान कापलं. तेही सारखंच. बऱ्याच वेळाने एक सापडलं, कडेला किंचित काळपट. बाजूला ठेवलं. उज्वलाने ते उचललं, बोटाने पुसलं आणि पोत्यात टाकलं. पुन्हा शिवायला घेतलं.

तासाभरात महेशरावांची गाडी आली. पोतं मीच खाली नेलं. जड होतं.

शांतपणे विचार केला तर यात माझं नियोजनच दिसतं. मशीन मी निवडलं, एमडीएफ मी आणलं, जागा रिकामी ठेवून मी गावाला गेलो. शब्द पाळला गेला. नामपूर टळलं. आज जेवण पोटभर.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी घट उठले. टेबल मोकळं.

दुपारी महेशराव आणि स्नेहा सोनं द्यायला आले. लाकडी पान माझ्या हातात ठेवलं, पाया पडले. सभासद खूश, दुसऱ्या दोन संस्थांनी विचारलंय म्हणाले. मी बोलायला सुरुवात केली, की कुठल्याही कामात पाया महत्त्वाचा. महेशराव ऐकत होते. मग उज्वलाकडे वळून म्हणाले, ताई, दिवाळीला सभासदांच्या घरासाठी नावाच्या पाट्या पाह्यजेत, जमतील? उज्वला म्हणाली, जमतील, पण निम्मे आगाऊ आणि नावं तुम्ही तपासून द्यायची. महेशराव म्हणाले, तुम्ही म्हनाल तसं. आरोहीने फोनमध्ये टिपून घेतलं.

मग ते माझ्याकडे वळले. मनापासून म्हणाले, साडूभाऊ, इकडं आता ताईचं बस्तान बसलं. तुम्ही मोकळेच हाय. खोली तयार हाय. शर्तीचं सोडा, ती तुम्ही जिकली. पन मला खरंच गरज हाय हो, खळ्यावर कोनी नजर ठेवनारं नाय. माल निवडायला तुमच्यासारखा मानूस मिळायचा नाय.

मी हसलो. उज्वलाकडे पाहिलं. ती म्हणेल, नको, इथे कोण बघणार, हे मला ठाऊक होतं. आई म्हणाली, जा की, बसून बसून तुझं डोकं फिरतंय. आरोही मोबाइलमध्ये. स्नेहा म्हणाली, दाजी, चांगलं जेवू घालीन. उज्वलाने चहाचे कप गोळा केले.

ते गेल्यावर तिला गाठलं. म्हणालो, मी गेलो तर इथे क्वालिटी कोण बघणार? ती म्हणाली, अजून एकही पान परत आलेलं नाही. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला बोलता आलं असतं.

ठीक आहे. चार दिवस जाऊन येतो. सल्लागार म्हणून. त्यांचं खळं मार्गी लावायचं आणि परत. उज्वला बॅग भरत होती. म्हणालो, दोन शर्ट पुरे. तिने कपाटातले सगळे काढले, घड्या घातल्या, एकावर एक ठेवले. वर माझा स्वेटर ठेवला आणि चेन ओढली.

ऑक्टोबर आत्ताच लागलाय. पण नामपूरकडे संध्याकाळी गार होत असेल.